जादुई वस्तूंचा बाजार कसा बसवायचा: डीएमसाठी सविस्तर मार्गदर्शन

पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, पाचव्या-सहाव्या लेव्हलला पोचली की थैलीत सोनं असतं आणि घेण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावर पात्रं घेऊन खेळायचा खेळ, आणि तो चालवणारा तो डीएम (डंजन मास्टर). त्याच्या पाचव्या आवृत्तीत साध्या चिलखतांमधलं सगळ्यात महाग म्हणजे १,५०० सोन्याच्या नाण्यांचं प्लेट आर्मर. ते फायटरच्या अंगावर चढलं की पुढच्या प्रत्येक सेशनला एकच प्रश्न येतो: "इथं मॅजिक आयटमचं दुकान कुठं आहे?"

कोल्हापूरच्या टेबलावर प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. इथल्या पोरांनी आईबरोबर गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, बसून जुना डाग (दागिना) मोडीत घालताना बघितलेलं असतं. कुणाच्या घरचा गूळ मार्केट यार्डात सौद्याला जात असतो. ती लगेच विचारतात, विकायला आणली तर किती देणार? घट किती धरणार? बनवलीय कुणी? हेच खरे प्रश्न आहेत, आणि नियमांच्या पुस्तकातली किमतीची यादी त्यांची उत्तरं देत नाही. म्हणून माझा आग्रह असा की भाव सगळ्यात शेवटी ठरवायचा. सोनं किती येणार, वस्तू बनवतं कोण, घेणारं कोण आणि सोनं शेवटी जातं कुठं, एवढं आधी ठरलं की भाव लावायला फार वेळ लागत नाही.

खालचे आकडे पाचव्या आवृत्तीचे आहेत. तिची पुस्तकं २०१४ ची आणि सुधारलेली २०२४ ची, दोन्ही इथं येतात. जिथं जुन्या आवृत्तीतला नियम जास्त कामाचा वाटला तिथं तो घेतला आहे. तुम्ही दुसरा कुठला खेळ खेळत असाल तर आकडे बदला, क्रम हाच ठेवा.

पायरी १: सोनं किती येणार ते मोजा

बहुतेक डीएम ही पायरी गाळतात आणि पुढं सगळं त्यामुळं बिघडतं. २०१४ च्या डीएम मार्गदर्शकात मोठ्या खजिन्यांचे तक्ते आहेत. चौथ्या लेव्हलपर्यंतच्या एका खजिन्यात तांबं, चांदी, सोनं मिळून सरासरी १९६ सोन्याची नाणी निघतात. पाचव्या ते दहाव्या लेव्हलच्या खजिन्यात हीच सरासरी ३,८५७ होते. रत्नं आणि कलाकुसरीच्या वस्तू यात धरलेल्या नाहीत.

आता खजिने किती? त्याच मार्गदर्शकाचा अंदाज असा की पहिल्या टप्प्यात साधारण ७ आणि दुसऱ्या टप्प्यात १८ मिळतात. गुणाकार करा. पहिल्या चार लेव्हलमध्ये अख्ख्या पार्टीला जेमतेम १,३७२ नाणी, आणि पुढच्या सहा लेव्हलमध्ये ६९,४२६. पन्नासपट उडी. अकराव्या ते सोळाव्या लेव्हलमध्ये एकेका खजिन्यात सरासरी ३१,५०० नाणी आणि असे १२ खजिने, म्हणजे ३,७८,०००.

हे तीन आकडे डीएमच्या वहीच्या पहिल्या पानावर हवेत. पार्टी पाचव्या लेव्हलला "अचानक श्रीमंत" होते ती डीएमच्या सढळ हातामुळं नव्हे. तक्ताच तसा बांधलेला आहे. तुम्हाला ही उडी नको असेल तर आत्ताच कमी करा. मी दुसऱ्या टप्प्यातले खजिने निम्मे करते आणि उरलेल्या निम्म्याच्या जागी जमीन, हुंडी, कुणावर केलेले उपकार अशा गोष्टी देते. नाण्यांच्या ढिगापेक्षा त्यातून पुढच्या गोष्टी निघतात.

पायरी २: त्या जगातल्या माणसाची रोजी बघा

अकुशल मजुराला दिवसाला चांदीची दोन नाणी मिळतात, कुशल कारागिराला सोन्याची दोन. सोन्याच्या एका नाण्याला चांदीची दहा. आता मोजा: हीलिंग पोशन ५० सोन्याचं, म्हणजे मजुराची २५० दिवसांची कमाई. जादूच्या वस्तूंचे दुर्मीळपणाचे दर्जे चढत्या क्रमानं कॉमन, अनकॉमन, रेअर, व्हेरी रेअर, लेजंडरी. २०२४ च्या नियमांत अनकॉमन वस्तू ४०० ची, म्हणजे साडेपाच वर्षांची मजुरी. रेअर वस्तू ४,००० ची. तेवढं कमवायला मजुराला चोपन्न-पंचावन्न वर्षं लागतील.

तेव्हा जादूची तलवार म्हणजे त्या जगात शेतजमीन किंवा वाडा. ती यात्रेतल्या पालात टांगलेली नसते. तिचे गिऱ्हाईक मोजके: सरदार, मोठी देवस्थानं, सावकार, आणि तुमच्या पार्टीसारखे जिवावर उदार झालेले लोक. गिऱ्हाईक मोजके म्हटल्यावर विकणारेही मोजकेच, आणि ते एकमेकांना ओळखणारे.

गाव केवढं यावर काय मिळेल हे ठरवायला तिसऱ्या आवृत्तीतला एक नियम मी अजून वापरते. वस्तीच्या आकाराप्रमाणं एक मर्यादा, आणि तिच्याहून महाग काहीही तिथं विकत मिळत नाही. खेड्याला २००, छोट्या नगराला ८००, मोठ्या नगराला ३,०००, छोट्या शहराला १५,०००, मोठ्या शहराला ४०,०००. मी हीच मर्यादा विक्रीलाही लावते. गगनबावड्याच्या बाजूच्या एखाद्या वाडीत तुम्ही चार हजारांची तलवार काढून दाखवलीत तर लोक जमतील, हात लावून बघतील, पण घेणार कोण? तिला शहरातच यावं लागणार. आणि शहराच्या वाटेवर घाट असतो, घाटात बाकीचे लोकही असतात. निम्मं ॲडव्हेंचर इथंच तयार झालं.

पायरी ३: बनवणारे हात ठरवा

२०२४ च्या नियमांप्रमाणं अनकॉमन वस्तू बनवायला १० दिवस आणि २०० नाण्यांचा माल लागतो. रेअरला ५० दिवस आणि २,०००. व्हेरी रेअरला १२५ दिवस आणि २०,०००. लेजंडरीला २५० दिवस आणि एक लाख. सणवार, आजारपण सोडून कारागिराचे वर्षाला २५० कामाचे दिवस धरा. म्हणजे एक माणूस वर्षात पाच रेअर वस्तू बनवेल, किंवा दोन व्हेरी रेअर, किंवा एकच लेजंडरी.

यावरून शहराचा पुरवठा काढता येतो. समजा शहरात रेअर काम जमणारे तीन कारागीर आहेत. वर्षाला पंधरा वस्तू. त्यातल्या दहा आधीच कुणी ना कुणी सांगून ठेवलेल्या. बाजारात वर्षाला पाच येतात. म्हणून दर महिन्याला बारा बाजूंचा फासा टाका. १ ते ५ आले तर त्या महिन्यात एक रेअर वस्तू विक्रीला आहे, नाहीतर नाही. अनकॉमन काम जमणारे दहाजण धरले आणि निम्मा माल सांगून ठेवलेला धरला, तर महिन्याला दहाएक वस्तू सुट्या निघतात. तिथं सहा बाजूंचे तीन फासे टाका. व्हेरी रेअर फक्त सांगून बनवून घ्यायची, आणि थांबायची तयारी ठेवायची.

कारागीर सगळे एका जागी बसवू नका. कोल्हापूरकडं बघा. चांदीचं काम म्हटलं की हुपरी. ओतकाम आणि यंत्रकाम म्हटलं की उद्यमनगर, शिरोली. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमवायचं, ते काम ठरावीक घरांच्या हातात पिढ्यानपिढ्या राहिलेलं. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना, कारण ही कारागिरी राज्याच्या सीमेवर थांबत नाही. तुमच्या जगात असंच ठेवा. जादूचे बूट एका गावात होतात, कांड्या दुसऱ्या, धातूकाम तिसऱ्या. बूट बनवणाऱ्या गावावर काही संकट आलं की शहरात बुटांचा भाव चढतो, आणि पार्टीला त्याचं कारण शोधायला जावंसं वाटतं.

मालाचंही तसंच. दोन हजारांचा माल म्हणजे काय हे दर वेळी सांगा. बेहिर या राक्षसी प्राण्याच्या शिंगाची भुकटी, बुडीत देवळातलं तांबं, काहीही चालेल, पण ते कुणीतरी कुठून तरी आणावं लागतं. पार्टीनं स्वतः आणलं तर तेवढी रक्कम बिलातून वजा करा. खेळाडूंना हा सौदा फार आवडतो आणि तुम्हाला पुढचं सेशन मिळतं.

पायरी ४: आता भाव लावा

२०१४ च्या नियमांत भावाच्या जागी नुसते पट्टे होते: अनकॉमन १०१ ते ५००, रेअर ५०१ ते ५,०००, व्हेरी रेअर ५,००१ ते ५०,०००. २०२४ मध्ये ठरीव आकडे आले: कॉमन १००, अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००, लेजंडरी २,००,०००. एकदाच वापरायची वस्तू असेल तर निम्मे, जादूच्या स्क्रोलचा हिशेब वेगळा. ही शिडी पायाभूत धरायला चांगली आहे.

पण दुर्मीळ म्हणजे उपयोगी नव्हे. उडण्याचं पोशन २०१४ च्या यादीत व्हेरी रेअर आहे. एक तास उडवतं आणि संपतं. पंखांचे बूट अनकॉमन आहेत, चार तासांपर्यंत उडवतात आणि पुन्हा भरतात. शिडी डोळे झाकून लावली तर पोशन २०,००० ला आणि बूट ४०० ला. तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००० साली, भाव परिणामावरून काढायचे: हत्याराच्या बोनसचा वर्ग गुणिले २,०००. प्लस वन २,०००, प्लस टू ८,०००, प्लस थ्री १८,०००. त्या पद्धतीत जाच होता, प्रत्येक लेव्हलला पार्टीकडं किती संपत्ती असावी याचा तक्ताच होता आणि दुकानदारी फार वाढली. तरी वस्तू काय करते यावर भाव असावा, हे तत्त्व योग्य होतं.

म्हणून शिडीवरचा आकडा घेतल्यावर स्वतःला एकच विचारा: ही वस्तू आली तर माझे किती प्रसंग एका फटक्यात सुटतात? उडणं, भिंतीपलीकडं जाणं, अदृश्य होणं, मनातलं वाचणं यांचा भाव तिप्पट ते पाचपट करा, किंवा त्या विक्रीलाच ठेवू नका. लढाईतले आकडे थोडे वाढवणाऱ्या वस्तू शिडीवरच राहू द्या. गंमतीच्या वस्तू, कधी न विझणारा दिवा, पाऊस न लागणारं घोंगडं, निम्म्यानं विका. लोक त्या आवडीनं घेतात आणि खेळाला त्यांचा त्रास होत नाही.

पायरी ५: घ्यायचा भाव आणि द्यायचा भाव

बाजार जिवंत होतो तो इथं. पाचव्या आवृत्तीत एका वेळी तीनच वस्तूंशी अट्यूनमेंट (काही जादुई वस्तू वापरायला लागणारी जुळणी) जुळवता येते. त्यामुळं अशी चौथी वस्तू सापडली की ती बॅगेत पडते आणि विकायला निघते. म्हणजे खेळाडू खरेदीपेक्षा विक्रीच जास्त करणार. तिसऱ्या आवृत्तीत विक्रीला निम्मे मिळायचे. चौथ्या आवृत्तीत, २००८ साली, एक पंचमांश. इतकं कमी मिळालं की वस्तू विकण्याची इच्छाच मरते. निम्मा भाव ठीक आहे, पण दर वेळी सरसकट निम्मा म्हटलं की सौद्यात बोलायला काही राहत नाही.

गुजरीत एकच डाग तीन-चार तऱ्हांनी सुटतो हे इथल्या कुणालाही ठाऊक आहे. रोख मागितली तर एक भाव, बदल्यात नवीन घेतलं तर दुसरा. गुळाचंही तसंच. रवे यार्डात उतरले की मधे अडत्या असतो, तो गिऱ्हाईक मिळवून देतो आणि आपली अडत घेतो. यावरून मी चार वाटा ठेवते.

पेढीवर रोख: भावाच्या ४० टक्के, तिथल्या तिथं.

पेढीवर बदली: ५० टक्के धरून दुसरी वस्तू घ्यायची, फरक भरायचा.

दलालामार्फत: एक आठवडा थांबायचं, ६० टक्के मिळतात, त्यातून दलाल ५ टक्के कापतो. पर्सुएशनच्या (मन वळवायच्या कौशल्याच्या) फाशावर १५ च्या वर आले तर ६० चे ७० होतात.

थेट गिऱ्हाईक: स्वतः शोधायचं. पूर्ण भाव मिळतो, कधी जास्तही. पण घेणारा कोण, हे डीएम ठरवणार आणि त्याचे परिणाम पुढं दिसणार.

समजा सहाव्या लेव्हलच्या पार्टीला एक जादा फ्लेम टंग, म्हणजे पेटणारी जादूची तलवार, मिळाली. रेअर, भाव ४,०००. टेबलावर साधारण असं घडतं:

"राम राम शेठ. ही तलवार बघा जरा."

"बसा की आधी. चहा सांगतो. कुठनं आणलीसा?"

"गडाखालच्या भुयारातनं."

"पेटवून दाखवा बघू. हां, जाळ चांगला हाय. मूठ मात्र बदललीया. सोळाशे देतो, रोख."

"चार हजारांची चीज हाय शेठ!"

"नेणाऱ्याला चार हजारांची. नेणारा येईस्तोवर मला ती तिजोरीत ठेवून राखण करायची हाय. बदल्यात काय घेत असलासा तर दोन हजार धरतो."

सराफाच्या शेवटच्या वाक्यात फरकाचं कारण आलं. पैसा अडकतो, चोरीची भीती असते, गिऱ्हाईक वर्षानं येईल. हे कारण पात्राच्या तोंडून आलं की खेळाडूंना डीएम कंजूषपणा करतोय असं वाटत नाही. दलालाकडं गेले तर २,४०० मधून १२० जाऊन २,२८० हातात पडतील, पण आठवडा जाईल आणि ज्या माणसाचा माग काढतायत तो तोपर्यंत कुठं पोचलेला असेल? थेट सरदाराच्या मुलाला ४,००० ला दिली, तर तीच तलवार पुढच्या लढाईत समोरून पेटू शकते.

घासाघीस एकदाच करू द्या. दोन्हीकडून एकेक आकडा, एक फासा, सौदा पक्का. नाहीतर अख्खी संध्याकाळ पेढीवर जाते आणि ज्याला विकायचं काही नाही तो खेळाडू मोबाइल काढतो.

पायरी ६: पारख आणि पत

आयडेंटिफाय हा पहिल्या लेव्हलचा मंत्र आहे. त्याला १०० नाण्यांचा मोती लागतो, पण तो संपत नाही. शिवाय एक शॉर्ट रेस्ट (खेळातली छोटी विश्रांती) वस्तूबरोबर काढली तरी तिचे गुण कळतात. म्हणजे खोटा माल खपवणं अवघड. कळत नाही तो शाप. २०१४ च्या नियमांत स्पष्ट आहे की आयडेंटिफायनंही बहुतेक शाप उघड होत नाहीत.

त्यामुळं बाजारात खरी किंमत येते ती पेढीच्या नावाला. तीन पिढ्यांची पेढी दहा टक्के जास्त घेईल, पण शाप निघाला तर वस्तू परत घेईल आणि शाप उतरवायचा खर्चही करेल, कारण एकदा नाव गेलं की पेढी उठली. रात्री सरायत भेटणारा माणूस तीस टक्के कमी घेईल आणि सकाळी नसेल. हे दोन विक्रेते समोरासमोर ठेवा आणि निवड पार्टीवर सोडा. स्वस्त वस्तू दर वेळी शापित काढू नका. सहा बाजूंचा फासा टाकून १ आला तरच शाप, म्हणजे जुगार खरा राहतो.

पायरी ७: सोन्याला बाहेरची वाट द्या

जादुई वस्तू हा सोनं खर्च करायचा एकच मार्ग ठेवलात तर पहिल्या पायरीतले ६९,४२६ सगळे तिथंच जाणार. त्यात सतरा रेअर वस्तू बसतात, चारजणांच्या पार्टीत माणशी चारहून जास्त. जुन्या आवृत्त्यांमध्ये सोनं मिळवण्यातूनच अनुभवाचे गुण मिळायचे आणि लेव्हल वाढवायला प्रशिक्षणाची भरभक्कम फी जायची. ती व्यवस्था उचलायची गरज नाही, पण सोनं खर्च झालं पाहिजे हा विचार उचला.

कर आणि दंडानं सोनं काढून घेतलं तर खेळाडू चिडतात. त्यांना जे हवंहवंसं वाटतं ते विकायला ठेवा. २०१४ च्या मार्गदर्शकात बांधकामाचे भाव आहेत: व्यापारी ठाणं ५,००० आणि ६० दिवस, छोटा कोट १५,००० आणि १०० दिवस, बालेकिल्ला ५०,००० आणि ४०० दिवस, राजवाडा पाच लाख. खिडकीतून पन्हाळ्याचा डोंगर बघत वाढलेल्या माणसाला गड बांधता येतो म्हटलं की तो कांडीचं नाव काढत नाही. गडाला पगारी शिबंदी लागते, धान्य लागतं, दुरुस्ती लागते. तो खर्च दर महिन्याचा.

याहून मला आवडतं ते पेठ वसवणं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली आणि गुळाच्या व्यापाराला घर मिळालं. पार्टीनं आपल्या पैशानं वस्तीत पेठ वसवली, कारागिरांना जागा आणि भांडवल दिलं, की पायरी २ मधली त्या वस्तीची मर्यादा एका टप्प्यानं वाढवा. खेड्याचं नगर होतं, तिथं ८०० पर्यंतच्या वस्तू मिळू लागतात, आणि ते कारागीर पार्टीचं काम आधी करतात. मी त्यासाठी १०,००० नाणी आणि एक वर्ष धरते.

चालू कॅम्पेनमध्ये हे आणायचं असेल तर

आजवर दिलेलं सोनं परत घेऊ नका. चोरी, आग, राजाची जप्ती असलं काही करू नका, खेळाडूंना ते लगेच कळतं. पुढच्या सेशनच्या आधी सगळ्यांना विचारा, प्रत्येकाकडं नाणी किती, वस्तू किती, अट्यूनमेंटच्या किती जागा रिकाम्या. बेरीज करा आणि तेवढ्याला पुरेल एवढं मोठं एक काम समोर ठेवा. बाजार हळूहळू दाखवा. आधी एक पेढी, मग एक दलाल, मग कारागिराचं गाव.

प्रत्येक सेशननंतर वहीत तीन नोंदी करा: किती सोनं आलं, किती गेलं, कुठली वस्तू कुणाला विकली. तिसरी नोंद कधीच चुकवू नका. चार-पाच सेशननंतर येणारं आणि जाणारं यांत मोठी तफावत दिसली तर भाव बदलू नका, खजिने बदला. एकदा सांगितलेला भाव खेळाडूंच्या वहीत उतरलेला असतो, आणि शेठनं दिलेला शब्द पुढच्या महिन्यातही तोच असला पाहिजे.